रांगेत तापणारी गाडी

औंढे गावचे ते नवरा-बायको माझ्याकडे नेहमी जोडीनं यायचे. ट्रक दुरुस्तीला आणताना बायकोला शेजारी बसवून आणणारा ड्रायव्हर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही. माझं गॅरेज तेव्हा लोणावळ्यात, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात होतं. साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मी तिशीच्या अलीकडे होतो, तो चाळिशीच्या पुढचा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला मिस्त्री.

त्याचा धंदा गवताचा. दिवाळीनंतर मावळातलं गवत कापून, दाबून त्याच्या गासड्या बांधत, आणि त्या मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना जात. हा गासड्या घेऊन घाट उतरायचा आणि येताना पनवेलकडून मिठाची पोती घेऊन घाट चढायचा. ट्रक तिसऱ्या हातचा होता, पण त्यानं तो नीट ठेवला होता. माझ्याकडे त्याचं काम असायचं ते ब्रेकचं, नाहीतर स्प्रिंगची पानं बदलायचं. इंजिनानं त्याला कधी फारसा त्रास दिला नव्हता.

गासड्या भरताना वर उभी राहायची ती त्याची बायको. कुठली गासडी आडवी, कुठली उभी, दोर कुठून फिरवायचा, हे सगळं ती वरून सांगायची आणि खालचे गडी निमूट ऐकायचे. वळणावर तिचा माल कधी कलला नाही. उंच, सडसडीत बाई. गॅरेजात आली की एक तेलाचा डबा उपडा घालून त्यावर बसायची आणि पदरात आणलेले तांदूळ निवडायची. नवरा माझ्या खांद्यावरून वाकून काही सुचवायला लागला की तिथूनच म्हणायची, "मिस्त्रींना त्यांचं काम करू द्या की. तुमी कशापायी मधी मधी?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. पावसाळ्यात गवताचा धंदा बंद असे. त्या दिवसांत ती ओढ्यातले खेकडे फडक्यात बांधून माझ्या घरी यायची. माझी बायको पुण्याच्या पेठेतली, तिला खेकड्याला हात लावायची भीती. हिनं तिला नांग्या मोडायला, पाय पाट्यावर वाटून त्यांचं पाणी गाळून घ्यायला शिकवलं. दोघींची त्यातून मैत्री झाली. कामाशिवायही ती कधीतरी आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागली.

फाल्गुनातली गोष्ट. एका सकाळी खोपोलीचा एक ड्रायव्हर चाकात हवा भरून घ्यायला थांबला होता. सहज बोलावं तसं तो म्हणाला, "औंढेवाल्याची मंडळी गेली, कळलं का? परवा. पुण्याला नेताना गाडी तापून बंद पडली."

मी हातातला पाना खाली ठेवला आणि घरी गेलो. बायको चुलीपुढे होती. मी तिला सांगितलं. तिनं तवा उतरवला, हात पुसले आणि म्हणाली, "चला."

औंढ्यात त्याच्या अंगणात माणसं बसली होती. तो भिंतीला टेकून, गुडघ्यांत मान घालून बसला होता. पलीकडे, त्याच्यापासून अंतर राखून, सुदुंबऱ्याहून आलेले तिचे भाऊ बसले होते. थोरला भाऊ शेतकरी माणूस, जाड मिशा, अंगात बंडी. तो कुणाकडे न बघता बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गाडीवाल्याची बायकू, आन गाडीनंच दगा दिला. पुलापाशी उन्हात निजवून ठिवली आमच्या भनीला. ज्याला आपली गाडी संबाळता येत न्हाई, त्यानं मानूस काय संबाळावं."

कुणीतरी त्याला "जाऊ द्या" म्हणालं. तो गप्प झाला. मग त्याची नजर माझ्या हातांकडे गेली. मेकॅनिकचे हात लपत नाहीत.

"तुमी मिस्त्री का? तुमच्याकडंच असती न्हवं ही गाडी?"

"असते."

"मग तापली कशी?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू, आबा?" मी म्हणालो. तेवढंच मला सुचलं.

ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो, त्यानं या सगळ्यात मान वर केली नाही. निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि सोडला.

तेरावं उरकल्यावर तो ट्रक घेऊन गॅरेजात आला. पहिल्यांदाच एकटा. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले. केबिनमध्ये बाकावर एक गोधडी घडी करून ठेवलेली होती. त्यानं ती उचलून आत नेऊन ठेवायला माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मिस्त्री, ही का तापली तेवढं सांगा."

"भाऊ, तुम्ही बसा. मी बघून दुरुस्त करून देतो."

"दुरुस्तीचं मागनं बघू. आधी का तापली ते सांगा. मला ठाव पायजे." मग थोडं थांबून म्हणाला, "सुदुंबऱ्याला निरोप धाडलाय. थोरलं पाव्हणं उद्या येत्याल. काय निघंल ते त्यांच्याम्होरं सांगायचं. माझी चूक निघाली तर तसं सांगा. झाकू नगा."

मी त्याला म्हणालो की इंजिनाचं दुखणं शोधणं म्हणजे काही कोर्ट नव्हे. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो बॉनेट उघडायला लागला होता.

मी त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं. गाडी याआधी दोनदा तापली होती, दोन्ही वेळा मुंबईत, तबेल्यांच्या गल्ल्यांतल्या खोळंब्यात. तिथल्या एका मिस्त्रीनं रेडिएटर सोड्यानं धुतला, पाण्याची वाट उघडझाक करणारा थर्मोस्टॅट काढून टाकला आणि सांगितलं की आता काही होणार नाही. आणि झालंही नव्हतं. मिठाची पोती भरून तो घाट चढून यायचा, पण इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा जागचा हलत नसे.

"भरल्या गाडीनं घाट चढतीया," तो म्हणाला, "आन त्या दिवशी तर रिकामी व्हती. सपाट रस्ता. मग?"

तोच प्रश्न होता. मी कामाला लागलो. रेडिएटर बघितला, जाळीत गवताचे चार तुसे होते, ते काही इंजिन तापवणार नव्हते. फॅनबेल्ट ताठ होता. पंखा सरळ होता. रबरी नळ्या दाबून पाहिल्या, कुठे चिरलेल्या नव्हत्या, कुठे आत चिकटलेल्या नव्हत्या. पाणी काठोकाठ होतं, आणि त्यात तेलाचा तवंगही नव्हता, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत होतं. मी एकेक गोष्ट बघून "हे ठीक आहे" म्हणायचो आणि दर वेळी त्याचा चेहरा आणखी उतरायचा. गाडीत काहीच निघालं नाही तर उरतो तो ड्रायव्हर. त्याच्या मनात तेच चाललं असणार, ते मला कळत होतं.

"चला, फिरवून आणू," मी म्हणालो.

कार्ल्याच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यानंच चालवली. काटा मधोमध, खिळा ठोकल्यासारखा. येताना वलवणपाशी एक बैलगाड्यांची ओळ लागली, तिच्यामागे थोडं रखडलो, आणि तेवढ्यात काटा अंगठ्याएवढा वर सरकला. रस्ता मोकळा झाला, वेग आला, काटा खाली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं होतं.

आवारात आल्यावर मी त्याला इंजिन बंद करू दिलं नाही. "राहू द्या चालू. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्या. नुसती उभी राहू दे."

आम्ही दोघं केबिनमध्ये काट्याकडे बघत बसलो. इंजिन हळू आवाजात चालत होतं. एक विडी ओढून होईपर्यंत काही झालं नाही. मग काटा सरकायला लागला. बाहेर ऊन होतं, तरी इतक्या लवकर तो तिथे जायला नको होता. तांबड्या रेघेच्या जवळ आला तसा मी म्हणालो, "आता थोडी रेस द्या. जास्त नको. तशीच धरून ठेवा."

त्यानं पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला, सगळी केबिन थरथरायला लागली. थोड्या वेळानं काटा थबकला. मग खाली उतरायला लागला.

गाडी थोडी निवल्यावर, इंजिन चालूच असताना, मी जाड फडकं धरून, वाफ हळूहळू सोडत, रेडिएटरचं झाकण काढलं. बॉनेटवर ओणवा होऊन आत डोळा लावला. थर्मोस्टॅट काढलेला होता, म्हणजे पाणी फिरत असेल तर ते दिसायलाच हवं होतं. पाणी स्थिर होतं. विहिरीतलं असावं तसं.

"रेस द्या," मी ओरडून सांगितलं.

आवाज चढला आणि पाणी हललं, एका बाजूनं धार येऊन वाहायला लागलं.

"सोडा."

पाणी पुन्हा उभं राहिलं.

तीन-चार वेळा मी त्याला हेच करायला लावलं. रेस दिली की पाणी फिरायचं, सोडली की थांबायचं. दोष मला सापडला होता. इंजिनातून पाणी फिरवणारा पंप आतून झिजलेला होता. इंजिन जोरात फिरत असलं की तो कसाबसा पाणी ढकलायचा. घाट चढताना इंजिन जोरातच असतं, म्हणून तिथे गाडी तापत नव्हती. गाडी उभी राहिली, पाय सुटला, की पंप नुसता पाण्यात गरगरायचा, पाणी जागचं हलायचं नाही, आणि इंजिन आपल्याच उष्णतेनं उकळायचं. गर्दीत, रांगेत, चार पावलं सरकून थांबायच्या जागी.

दोष सापडला की मेकॅनिकला बरं वाटतं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. मी झाकण बसवून, हात पुसत, केबिनच्या दारापाशी गेलो आणि हे सगळं त्याला सांगितलं. सांगता सांगता त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझे शब्द मागे पडायला लागले.

तो स्टिअरिंग धरून बसला होता. पाय काढलेला होता. इंजिन हळू चालत होतं.

"म्हंजी रेस दिऊन ठिवली असती," तो म्हणाला, "तर तापली नसती."

मी हात पुसत राहिलो.

"मिस्त्री, इचारतो."

"नसती तापली," मी म्हणालो. "निदान इतकी नाही. पण भाऊ, हे कुणाला ठाऊक असतं? मलाही आत्ता कळलं."

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. त्या शांततेत त्यानं मला त्या दिवसाचं सांगितलं. तोपर्यंत त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिच्या पोटात आधीच्या दिवसापासून दुखत होतं. ती बोलली नव्हती. गासड्या भरायच्या होत्या, म्हणून पोटाला फडकं आवळून वर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठता येईना, तेव्हा कळलं. गावातल्या गड्यांनी भरलेला ट्रक धडाधड रिकामा केला. त्यानं तिला केबिनमध्ये बाकावर निजवलं, खाली गोधडी, डोकं त्याच्या मांडीशी. लोणावळ्याच्या डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि सांगितलं की पुण्याला न्या, थांबू नका. कामशेतच्या पुढे पुलाची दुरुस्ती चालली होती. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते. रांग लागली होती.

"रस्त्यानं येताना बरी व्हती," तो म्हणाला. "रांगेत उबी राह्यल्यावर म्हनली, लय हादरतंय. हादरा बसला की पोटात सुरी फिरवल्यावानी व्हतंय. म्हनली, जरा निवांत ठिवा न्हवं हिला." त्यानं आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. "म्हनून म्या पाय काडून घेतला. जराबी दाबला न्हाई. रांग सरकली की हळूच सरकायचो, आन पुन्यांदा सोडायचो. तिला वाईच बरं वाटलं. म्हनली, आता बरं हाय. डोळा लागला तिचा."

काटा चढताना त्यानं बघितला होता. इंजिन बंद केलं असतं, पण रांग सरकत होती आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. आता पूल येईल, आता येईल, असं करता करता बॉनेटमधून वाफ आली. तो डबा घेऊन नदीत उतरला, पाणी घेऊन वर आला, तापल्या इंजिनात लगेच ओतता येईना. भोवती माणसं जमली. शेवटी एका दुधाच्या गाडीवाल्यानं तिला आपल्या गाडीत घेतलं. इस्पितळात लगेच पोट उघडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की अपेंडिक्स फुटून सगळीकडे पू झाला होता, आधी आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"आधी आनाया पायजे व्हतं म्हनलं," तो म्हणाला. "आन आमी पुलापाशी."

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की डॉक्टरचं 'आधी' म्हणजे आदल्या दिवशी असेल, पुलापाशी गेलेल्या वेळानं काय होणार होतं. तो मान हलवत राहिला, हो अशीही नाही, नाही अशीही नाही. मग उतरला आणि एसटीनं औंढ्याला गेला. ट्रक माझ्याकडेच राहिला.

संध्याकाळी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. उद्या सुदुंबऱ्याचा थोरला भाऊ येणार आहे, तेही सांगितलं. तिच्या ताटातला भात तसाच राहिला.

"पंपाचं सांगा," ती म्हणाली. "दुसरं सांगू नका. ते तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

मलाही तेच वाटत होतं. गाडी का तापली? पंप झिजला होता म्हणून. हे उत्तर खरं होतं आणि पुरेसं होतं.

सकाळी मी पंप उतरवला. आत पाणी ढकलणारी चकती असते, तिला पंख्यासारखी पाती असतात. ती पाती खाऊन खाऊन बोथट झाली होती, काही ठिकाणी नुसते उंचवटे राहिले होते. हे एका वर्षात होत नाही. ट्रक त्याच्याकडे येण्याच्या आधीपासून झीज चालू असणार. मी चकती धुऊन, पुसून, एका फळीवर ठेवली.

ते दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी आले. ट्रकवाला आधी आला आणि जिथे त्याची बायको बसायची त्याच्या जवळच, पण त्या डब्यावर नाही, जमिनीवर बसला. थोरला भाऊ ऊन चढल्यावर आला. मी खुर्ची दिली तर बसला नाही.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

मी त्याला चकती दाखवली. नव्या पंपाची चकती माझ्याकडे नव्हती, म्हणून दुसऱ्या एका गाडीचा जुना पण चांगला पंप आणून ठेवला होता, त्याची पाती त्याच्या बोटांना लावून दाखवली. मग ही. शेतकरी माणसाला झिजलेलं अवजार समजावून सांगावं लागत नाही. त्यानं पात्यांवरून अंगठा फिरवला.

"ही आतली वस्तू आहे, आबा," मी म्हणालो. "पंप खोलल्याशिवाय दिसत नाही. मुंबईच्या मिस्त्रीला दिसली नाही, मला वरून बघून दिसली नाही. पाणी बघणं, बेल्ट बघणं हे ड्रायव्हरचं काम, ते यांनी चोख ठेवलं होतं. यात भाऊंची चूक नाही."

तो बराच वेळ चकती हातात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा थोडा सैल झाला. मला वाटलं, झालं, संपलं.

"पाव्हणं," खाली बसलेला माणूस म्हणाला, "आनिक एक हाय."

मी त्याच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

"रेस दिऊन ठिवली असती तर गाडी तापली नसती. म्या दिली न्हाई. पाय काडून घेतला."

"का?"

"तिला हादरं बसत व्हतं. म्हनली, निवांत ठिवा."

थोरल्या भावानं वळून त्याच्याकडे बघितलं. "ती म्हनली?"

"व्हय."

"तिनं सोता सांगितलं?"

"व्हय. मंग तिला झोप लागली जरा."

मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. शिव्या देईल, किंवा जवळ जाऊन बसेल. त्यातलं काही झालं नाही. त्यानं चकती फळीवर ठेवली. आवाराच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं, तिथे गेला, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, बंडीच्या टोकानं तोंड पुसलं. परत येऊन म्हणाला, "येतो मिस्त्री." मग मेव्हण्याकडे वळून, "दाजी, येतो." आणि रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. एसटी यायला वेळ लागला. तोवर तो आमच्याकडे पाठ करून उभा होता.

त्यानंतर सुदुंबऱ्याकडून दोषाचे बोल आले नाहीत. गावात कुणी काही म्हणालं तर थोरला भाऊच त्याला गप्प करायचा, असं मी पुढे ऐकलं. पण त्यांच्याकडचं कुणी औंढ्याला आलंही नाही. वर्षश्राद्धाला धाकटा भाऊ येऊन जेवून गेला, तेवढंच.

नवा पंप पुण्याहून आणून मी बसवला. ट्रक आवारात उभा करून, पाय सोडून, दुपारभर चालू ठेवला. काटा हलला नाही. त्याला बोलावून दाखवलं. तो बघून "बेस झालं" म्हणाला. गोधडी घेऊन गेला.

पुन्हा गवताची खेप करायला लागला तेव्हा त्यानं गासड्या भरायला दुसरा माणूस ठेवला. पहिल्याच खेपेला घाटात माल कलला, आणि तो तसाच कलत्या मालानं मुंबईला जाऊन आला. लोक सांगत होते, मी पाहिलं नाही. मी जे पाहिलं ते वेगळं. लोणावळ्याच्या रेल्वे फाटकापाशी, गाडी जायची असली की, दोन्ही बाजूंना वाहनं थांबत. त्यात त्याचा ट्रक असला तर दुरून ओळखू यायचा. बाकीच्यांची इंजिनं बंद असत, नाहीतर हळू पुटपुटत असत, आणि हा पाय दाबून बसलेला. सगळा ट्रक थरथरायचा. पुढचे टांगेवाले मागे वळून बघायचे, घोडी कान टवकारायची, कुणीतरी ओरडायचं, "अरे, बंद कर की." तो ऐकायचा नाही.

एकदा मी सायकलवर होतो. त्याच्या खिडकीशी गेलो. "भाऊ, नवा पंप आहे. आता याची गरज नाही."

"ठाव हाय," तो म्हणाला.

फाटक उघडेपर्यंत मी तिथे उभा राहिलो. त्याचा पाय तसाच होता.

दोन हंगाम त्यानं असे काढले. मग ट्रक विकला, तोही एका ओळखीच्या माणसाला, आणि आपलं भाताचं खाचर करायला लागला. लोणावळ्याला यायचा तो बाजाराच्या दिवशी, पायी. गॅरेजावरून जाताना हात करायचा. आत यायचा नाही. माझी बायको कधी त्याला बाजारात भेटली तर चार शब्द बोलायची, घरी या म्हणायची. तो बरं म्हणायचा.

काही वर्षांनी एका लग्नासाठी मी औंढ्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर त्याच्या घरी गेलो. पेरणीच्या आधीचे दिवस होते, खाचरात रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून झाला होता आणि हवेत त्याचा वास होता. त्यानं स्वतः चहा केला. घर स्वच्छ होतं, एकट्या माणसाचं घर असतं त्याहून स्वच्छ. माझ्या मुलांचं विचारलं, बायकोच्या गुडघ्यांचं विचारलं. ट्रकबद्दल अवाक्षर नाही. मी उठलो तेव्हा तो माझ्याबरोबर बांधापर्यंत आला.

तिथे थांबून म्हणाला, "मिस्त्री, तवा तुमी म्हनला व्हता, डॉक्टरचं आधी म्हंजी आदल्या दिशी."

"हो. मला अजून तसंच वाटतं."

"मग आदल्या दिशी मला का कळलं न्हाई? ती वर उबी व्हती, म्या खाली. तिच्याकडं बगून गासड्या फेकत व्हतो. दिसभर बगत व्हतो तिच्याकडं."

पोटाला आवळलेलं फडकं लुगड्याच्या आत असतं, ते कुणाला दिसत नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण चकती हातात घेऊन दाखवता येते तसं हे त्याला दाखवता येणार नव्हतं. मग तो म्हणाला, "जावा आता, ऊन हाय," आणि मी निघालो.